नावाड्याची चांदी

चकती

थेरॉनच्या चपला कोणीतरी काढल्या होत्या. कमरेचा पट्टाही सोडला होता. आणि मग त्याला ऐरणीशेजारी तसाच टाकून दिला होता, कवटी फुटलेला, एक हात छातीखाली मुडपलेला. पट्ट्याला अडकवलेली तांब्याच्या पैशांची थैली मात्र कोणी उघडलीसुद्धा नव्हती.

हेरेनियानं हे दारातूनच पाहिलं, कारण कोतवालाचे लोक आत जाऊ देत नव्हते.

"तोंडात चांदी आहे," पहारेकरी हळूच म्हणाला. "बघू नका बाई. मेलेल्याला नदीपार नेणाऱ्या नावाड्याची आहे ती."

जूनो मोनेटाच्या देवळाशेजारी, टांकसाळीच्या पायऱ्यांवर, तोवर अर्धं रोम जमलं होतं.

— चांदी? मुकादमाला?

— माझा सासरा तांब्यावर गेला नदीपार. नावाड्यानं काही परत पाठवला नाही.

— तुझं नशीब.

— मारणाऱ्यालाच पस्तावा झाला असणार. भूत होऊन मागे लागू नये म्हणून भाडं भरून गेला.

— मारणारा कोण पण?

— कोण म्हणजे? तो कोरणारा. ग्रीक. रक्तानं माखलेला सापडला. हेरेनियाबाईंचा माणूस.

— गप. बाई मागेच उभी आहे.

बाई मागेच उभी होती आणि दात आवळून ऐकत होती. नाण्यांचे ठसे कोरायचा धंदा तिला बापाकडून आला होता. घर, भट्टी आणि छिन्न्यांबरोबर दिओकल्सही बापाकडूनच आला होता. टांकसाळीला ती त्याला भाड्यानं देत असे. रोमच्या चांदीवरचे कित्येक देव, रथ आणि लोकांचे मेलेले पणजोबा त्याच्या हातचे होते.

"गुलाम आहे, बाई," कोतवाल पेदानियस म्हणाला. "त्याची साक्ष कायद्यानं कशी घेतात ते मी सांगायला नको."

"ताणून."

"फळीवर ताणून. उद्या सकाळी." त्यानं जांभई दाबली. "हात निकामी झाले तर भरपाई मागा. मिळते."

"भरपाई," हेरेनिया म्हणाली.

"मिळते हो. माझ्या मेहुण्याच्या स्वयंपाक्याला असंच—"

"कोतवालसाहेब, अजून एक शब्द बोललात ना, तर तुमच्या दाताची भरपाई कोण देणार ते आधी ठरवून ठेवा."

खालचा ठसा

दिओकल्सला टांकसाळीच्या तळघरात कोळशाच्या पोत्यांवर बसवलं होतं. हातांना दोरी. अंगरख्यावरचं रक्त वाळून काळं झालेलं. अंधारात आधी त्याचं नाक दिसायचं. ते नाक हेरेनिया रोज स्वतःच्या आरशात पाहत आली होती, आणि त्याबद्दल त्या घरात कोणी कधी एक अक्षर काढलं नव्हतं.

"बाईसाहेब आल्या," तो म्हणाला. "उठून उभं राहिलो असतो, पण बांधलंय."

"नाटक नको. कोणी नाहीये इथे."

"मग काय म्हणू? छोटी म्हणू? लहानपणी म्हणायचो म्हणून मार खाल्लाय मी."

"दिओ, काय झालं ते सांग."

"खालचा ठसा तडकला संध्याकाळी. वोलकातियस साहेबांच्या पणजोबांच्या नाकापासून कडेपर्यंत. काम थांबलं, माणसं गेली. मी मागच्या खोलीत दार लावून नवा कोरत बसलो. थेरॉन पुढे होता. मग एक ठोका ऐकला. जरा वेळानं दुसरा. टांकसाळीत ठोका ऐकून कोण उठतं? नंतर बाहेर आलो तर तो पडलेला. मी त्याला उचलायला गेलो. एवढंच."

"पहिला ठोका कसा होता?"

त्यानं मान वर केली. असा प्रश्न कोतवालानं विचारला नव्हता.

"बोदा," तो म्हणाला. "चिखलात मारल्यासारखा. थेरॉननंही ऐकला असणार. बोदा ठोका ऐकला की ताटावरून उठायचा तो माणूस."

"आणि तडकायच्या आधी? दुपारी काय कोरत होतास?"

तो मनगटावरची दोरी बघत बसला.

"दिओ."

"ते विचारू नकोस. तुला सांगितलं तर उपयोग नाही, गुलामाचं बोलणं फळीवरच खरं धरतात. उद्या त्यांनी विचारलं की बोलावं लागेल, आणि बोललो की मारतील. साहेब लोक सांगतात ते मी कोरतो. नाही म्हणायची सोय तू भाड्याच्या करारात घातली नव्हतीस."

"मी तुला मोकळं करणारच होते."

"हो. दर वर्षी सॅटर्नच्या सणाला करणार असतेस. दारू चढली की." तो हसला, आणि ते हसू ऐकवत नव्हतं. "आता तर करताही येणार नाही. साक्ष टाळायला सोडला म्हणतील. जा, बाईसाहेब. कोळसा लागेल पदराला."

ती वर आली तेव्हा तिचे कान तापले होते. राग कोतवालाचा होता, कायद्याचा होता. आणि सगळ्यांत जास्त कोणाचा होता ते तिला ठाऊक होतं, म्हणून ती भरभर चालू लागली.

दोन साहेब

त्या वर्षी टांकसाळीवर नेमलेले तीन तरुण अधिकारी. तिसरा तापानं गावी पडला होता. उरले दोघे. दोघांकडेही देवळाच्या बाजूच्या दाराची किल्ली होती. ते दार साहेबांसाठी. कामगारांनी पुढच्या फाटकातून जायचं आणि जाताना सगळ्यांसमोर चूळ भरून थुंकायचं, म्हणजे गालात लपवलेली चांदी बाहेर पडते.

पहिला, वोलकातियस.

त्याच्यासमोर उशीवर पणजोबांचा मेणाचा मुखवटा ठेवला होता: टक्कल, खोल सुरकुत्या, खाली वळलेले ओठ. तो चेहरा त्याला नाण्यावर पाडून निवडणुकीआधी प्रत्येक मतदाराच्या हातात द्यायचा होता. स्वतः वोलकातियसचं नाक लहानपणी घोड्यावरून पडून मोडलं होतं आणि हनुवटीखाली दुसरी हनुवटी आली होती. बोटातल्या अंगठीच्या खड्यावर मात्र त्याचा स्वतःचा चेहरा होता, नाक सरळ, मान सडपातळ. तो खडा दिओकल्सनंच कोरला होता. नाक अजून सरळ हवं म्हणून परत परत माघारी आला होता.

"तुमचा ग्रीक माझा ठसा पुरा केल्याशिवाय मरता कामा नये," तो म्हणाला.

"तुमचा मुकादम मेलाय."

"मुकादम मिळतात. काल दुपारपासून मी लोकांना भेटत फिरतोय, हात दाबून दाबून बोटं सुजली. मला काय विचारताय? आणि बायकांनी खुनाची चौकशी कधीपासून—"

"पुरुषांनी करायची सोडली तेव्हापासून."

"उद्धट आहात."

"हो. थेरॉनच्या अंत्ययात्रेला येणार?"

"लोक असतील तर येईन."

दुसरा, सेस्टुलियस. त्याच निवडणुकीत, त्याच जागेसाठी उभा. पण गोड माणूस. त्यानं तिला बसायला खुर्ची दिली, स्वतःच्या हातानं द्राक्षरसात पाणी मिसळून दिलं. डाव्या अंगठ्याला लोकरीची पट्टी गुंडाळली होती.

"अंजीर चिरताना," तो म्हणाला. "माझं आणि सुरीचं कधी जमलं नाही. बाई, तुमच्याबद्दल फार वाईट वाटतं. चांगला कारागीर. पण ही माणसं, तुम्हाला सांगतो, आतल्या आत किती चिडलेली असतात ते आपल्याला कळत नाही."

"कळायची इच्छा असली तर कळतं."

"खरंय, खरंय. थेरॉनच्या बायकोला मी निरोप पाठवलाय, चितेची लाकडं माझ्याकडून. आज दुपारीच उरकून टाकू. बिचारीनं प्रेत घरात किती ठेवायचं?"

"आजच?"

"उन्हाळा आहे. आणि कोतवालाला बजावलंय मी, त्या तोंडातल्या नाण्याला कोणी हात लावायचा नाही. कोणाही हातानं ठेवलेलं असो, नावाड्याचं आहे. आपण देवाधर्माचं मानतो अजून."

हेरेनियानं पेला तसाच खाली ठेवला. त्याच्या चांगुलपणाचा तिला इतका संताप का आला ते तिला लगेच कळलं नाही.

जीभ

चांदीवर लोकांनी सकाळपासून इतकी चर्चा केली, पण ती कोणी बाहेर काढून नीट पाहिली नव्हती.

गाल

थेरॉन घरच्या खाटेवर होता, पाय दाराकडे. त्याची बायको मिर्टाले उशाशी बसली होती. रडून झालं होतं तिचं; आता ती दारात येईल त्याच्यावर भुंकायला तयार होती.

"तू कशाला आलीस? तुझा माणूस धरलाय ना त्यांनी? मग?"

"त्यानं मारलं नाही."

"हे तुझं तोंड बोलतंय की तुझा पैसा?"

"मिर्टाले, याला अंघोळ तूच घातलीस?"

"मग काय कोतवाल येणार होता घालायला?"

"नाणं कुठे होतं तोंडात?"

मिर्टालेनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"जिभेवर ठेवतात," हेरेनिया म्हणाली. "माझ्या बापाच्या मी ठेवलं होतं. याच्या कुठे होतं?"

"गालात," मिर्टाले सावकाश म्हणाली. "डाव्या. दाढांच्या मागे सारलेलं. मला वाटलं, घाईघाईत ठेवलं असेल मेल्यानं."

"त्याच मेल्यानं याच्या चपला काढल्या, पट्टा सोडला, अंग चाचपलं. पैशांच्या थैलीला हात नाही लावला. म्हणजे त्याला पैसे नको होते, एकच वस्तू हवी होती आणि ती सापडली नाही. असा माणूस जाताना वर स्वतःची चांदी ठेवून जाईल?"

"मग कोणी ठेवली?"

"यानंच."

थप्पड इतक्या जोरात बसली की हेरेनियाचं डोकं भिंतीला लागलं.

"माझा नवरा चोर नव्हता! जन्मभर त्या फाटकावर उभं राहून दुसऱ्यांच्या गालातली चांदी ओकायला लावली त्यानं! लोक शिव्या द्यायचे आम्हाला!"

"म्हणूनच," हेरेनिया गाल चोळत म्हणाली. "म्हणूनच त्याला ती जागा सुचली. चोरलं नाही त्यानं, लपवलं. ज्याच्यापासून लपवलं त्याला तोंडात बघायचं सुचलं नाही, कारण त्यानं जन्मात कधी फाटकावर चूळ भरलेली नाही."

मिर्टालेनं नवऱ्याच्या मिटलेल्या ओठांवरून बोट फिरवलं.

"नावाड्याचं काढून घेतलं तर हा काठावरच राहील," ती शेवटी म्हणाली.

हेरेनियानं स्वतःच्या थैलीतून एक चांगलं चांदीचं नाणं काढून तिच्या तळहातावर ठेवलं. मिर्टालेनं ते आधी नवऱ्याच्या जिभेवर ठेवलं. मग दोन बोटं आत घालून गालातलं काढलं आणि न बघताच पुढे केलं.

हेरेनियानं ते दारातल्या उजेडात धरलं.

नाणं पाडताना खालचा ठसा ऐरणीत बसवलेला असतो. त्यावर चेहरा. वरचा ठसा हातात धरतात. त्यावर चित्र. मध्ये चांदीची चकती, वरून घण. कधी कधी पडलेलं नाणं वरच्या ठशालाच चिकटून बसतं. मारणाऱ्यानं ते पाहिलं नाही आणि पुढची चकती ठेवली, तर चकतीच्या वरच्या बाजूला चित्र उमटतच नाही. चिकटलेल्या नाण्यावरचा चेहराच उलटा होऊन तिच्यात रुततो. असं नाणं फसतं: एका बाजूला चेहरा वर आलेला, दुसऱ्या बाजूला तोच चेहरा खोलगट. ठोकाही बोदा येतो.

हे नाणं तसंच फसलेलं होतं. खोलगट बाजूला वोलकातियसचे पणजोबा होते, टक्कल, सुरकुत्या, आणि नाकापासून कडेपर्यंत तडा.

वर आलेल्या बाजूला पणजोबा नव्हते.

भोवती अक्षरं तीच होती, घराण्याचं नाव तेच. पण चेहरा तरुण होता. मोडलेलं नाक. हनुवटीखाली दुसरी हनुवटी.

फसलेला ठोका

जिवंत माणसाचा चेहरा नाण्यावर. राजे करतात हे, आणि रोममध्ये राजा म्हटलं की लोक दगड शोधतात.

हेरेनिया टांकसाळीच्या टेकडीकडे जवळजवळ धावत निघाली. सगळं जुळत होतं. संध्याकाळी तडा गेला, काम थांबलं, शेवटचं नाणं वरच्या ठशाला चिकटून राहिलं. माणसं गेल्यावर साहेबांच्या दारानं वोलकातियस आला. दिओकडून दुपारी कोरून घेतलेला स्वतःचा चेहरा त्यानं ऐरणीत बसवला. वरचा ठसा उलटून बघायची सवय हातावर पोट असलेल्याला असते. यानं बघितलं नाही, ठोका मारला. बोदा आवाज ऐकून थेरॉन उठून आला, फसलेलं नाणं उचललं, चेहरा पाहिला आणि गालात टाकलं. दुसरा ठोका त्याच्या डोक्यात बसला, आणि मारणारा ऐरणीतला ठसा काढून घेऊन गेला. दिओनं मारलं नव्हतं. टांकसाळीतला कोणीही ठशाकडे न बघता घण उचलत नाही.

वोलकातियसनं मारलं. मतांसाठी, स्वतःच्या थोबाडासाठी.

असं सांगून गोष्ट पुरी करता आली असती. हेरेनियालाही तेच हवं होतं, कारण तो माणूस तिला सकाळपासूनच आवडला नव्हता.

चौकाच्या कोपऱ्यावर तो मतदारांचे हात हातात घेत उभा होता. अंगठीचा खडा उन्हात चमकला.

हेरेनिया जागीच थांबली.

पुन्हा

त्यानं मारलं नाही.

स्वतःच्या चेहऱ्याचा एवढा सोस असलेला माणूस मोडकं नाक चांदीवर पाडून घेईल? खड्यावरच्या नखाएवढ्या चेहऱ्यात ज्याला ते सरळ हवं होतं तो? हा चेहरा हौसेनं करून घेतलेला नव्हता. बघणाऱ्यानं झटकन ओळखावा म्हणून करून घेतलेला होता. अशी मूठभर नाणी मतदानाच्या आदल्या दिवशी बाजारात पडली असती, वर वोलकातियसचंच नाव, तर लोकांनी वोलकातियसला टायबर नदीत बुडवला असता.

मग त्याच्या पडण्यानं कोणाचं भलं होणार होतं? लाकडं कोणी दिली? आजच जाळायची घाई कोणाला? नाण्याला हात लावू नका, असं बजावून कोण सांगत होतं?

आणि सुरीनं अंजीर चिरणारा माणूस अंगठा लोकरीत असा का गुंडाळतो, की आतलं नखसुद्धा दिसू नये?

घण

शहराच्या एस्क्विलाइन वेशीबाहेर चिता रचली होती. लाकडं उत्तम होती, सरूची. सेस्टुलियसनं हात आखडला नव्हता. तो स्वतः काळ्या वस्त्रात, मान खाली घालून उभा होता. लोक होते म्हणून वोलकातियसही होता. कोतवाल पेदानियस सावली शोधत होता.

मिर्टालेनं मशाल हातात घेतली आणि चितेला लावली नाही.

"आधी बाईंचं ऐका," ती म्हणाली.

"आता? इथे?" सेस्टुलियस कळवळून म्हणाला. "अहो, मेलेल्याचा तरी मान—"

"सेस्टुलियस, अंगठा दाखवा," हेरेनिया म्हणाली.

"काय?"

"डावा. ज्या हातानं वरचा ठसा धरतात तो. ठशाला नाणं चिकटलेलं असलं की ठसा डगमगतो, आणि ज्यानं कधी घण धरलेला नाही त्याचा घण सरळ अंगठ्यावर येतो. पट्टी काढा. सुरीची जखम असली तर मी इथे सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडते."

"कोतवाल, या बाईला—"

"काढा ना साहेब," पेदानियस म्हणाला. पहिल्यांदाच त्याची झोप उडाली होती. "सुरी तर सुरी."

सेस्टुलियस हलला नाही. मिर्टाले हलली. तिनं मशाल फेकली, त्याचा हात पकडला आणि पट्टी ओढून काढली. नख काळंनिळं पडून उचललं होतं. कुठे कापलेलं नव्हतं.

"यावरून काय सिद्ध होतं?" तो ओरडला.

"यावरून काही नाही," पेदानियसनं कबूल केलं.

हेरेनियानं नाणं दोन बोटांत धरलं. आधी वोलकातियसला दाखवलं. त्यानं पाहिलं आणि त्याचा रंग उडाला.

"हा... हा मी आहे."

"तुम्हीच. नाकासकट. हे थेरॉननं पाहिलं आणि लपवलं. तुमच्यासाठी नाही, भ्रमात राहू नका. त्याच्या ऐरणीवर पाप झालं म्हणून. तो ते घेऊन कोतवालाकडे जाणार होता. यांनी मागितलं, त्यानं दिलं नाही."

"खोटं!" सेस्टुलियस म्हणाला. "तो चोर होता! असली माणसं— मी साधं विचारलं, नाणं कुठेय, तर तोंड मिटून उभा राहिला! माझ्यासमोर! कालपरवापर्यंत गुलाम असलेला माणूस, टांकसाळीच्या अधिकाऱ्यासमोर, एक शब्द बोलेना—"

मग त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

जाळायला आलेले लोक, विधी करणारे, रडायला भाड्यानं आणलेल्या बायका, सगळ्यांनी ते ऐकलं होतं.

"तोंड मिटून," हेरेनिया म्हणाली. "बोलणार कसा? तोंडात नाणं होतं."

मिर्टालेला आवरायला चार माणसं लागली.

वोलकातियस तेवढ्यात हेरेनियाच्या जवळ सरकला. आवाज एकदम खाली. "हा चेहरा कोरला कोणी? तुमच्या ग्रीकानं? त्याला तर मी—"

"तुमचाच कायदा म्हणतो, गुलाम म्हणजे अवजार. छिन्नीला कशाला ताणता? ज्याच्या हातात होती त्याला ताणा." हे बोलताना तिच्या तोंडाची चव गेली. "आणि उद्या दिओकल्सला फळीवर घातलात, तर तो सगळ्यांसमोर सांगेल की त्यानं चांदीवर कोणाचा चेहरा पाडला. कोणी सांगितलं ते लोक विसरतील. कोणाचा ते विसरणार नाहीत. निवडणूक कधी आहे?"

वोलकातियसनं ओठ चावला. "काय हवंय?"

"तो आज सुटायला हवा. नाणं तुमचं."

"द्या मग."

"ते माझ्या नवऱ्याचं आहे!" मिर्टाले चार माणसांच्या हातांतून ओरडली. "त्याचा जीव गेलाय त्यात! न्यायाधीशासमोर काय ठेवू मी? बाई, देऊ नकोस! देऊ नकोस त्याला!"

हेरेनियानं दिलं.

मिर्टाले तिच्याकडे बघत राहिली. मग थुंकली. "तुला तुझा माणूस मिळाला," ती म्हणाली, आणि खाली पडलेली मशाल उचलून तिनं स्वतःच चितेला लावली.

सेस्टुलियसवर खटला उभा राहायच्या आत तो रोम सोडून दूर मासिलिया बंदराला निघून गेला. त्याच्यासारख्यांना ती वाट उघडी असते. तिथे समुद्रकाठी घर घेतलं, म्हणे. नाणं कुठल्याशा मुशीत वितळलं. वोलकातियस निवडून आला.

हात

न्यायाधीशाचा मंच उन्हात होता. बाकीच्यांची कामं उरकेपर्यंत दोघं उभीच होती, शेजारी शेजारी, न बोलता. दिओकल्सच्या मनगटांवर दोरीचे वळ होते.

"मला अवजार म्हणालीस म्हणे," तो मध्येच म्हणाला.

"वाचलास ना त्यानं?"

"हो. वाचलो. ऐकून घेतलं आणि वाचलो."

"आणि काय करायला हवं होतं मी? सांग ना! मिर्टालेच्या तोंडासमोर ते नाणं—"

"ओरडू नकोस," तो म्हणाला. "तुझा राग खरा आहे, मला माहीत आहे. पण तो माझ्या कामाचा कधीच नव्हता. काल फळी समोर आली तेव्हा तू धावलीस. फळी नव्हती तेव्हा मी त्याच घरात होतो."

पुकारा झाला.

शिपायानं काठी त्याच्या डोक्याला टेकवली. हेरेनियानं त्याचा दंड धरला, म्हणायचं ते वाक्य म्हटलं, त्याला एकदा गोल फिरवलं आणि हात सोडला. गुलाम मोकळा करायचा एवढाच विधी. इतक्या वर्षांत कुठल्याही सकाळी होण्यासारखा.

"नाव?" कारकून मान वर न करता म्हणाला.

"दिओकल्स."

"पुढे नेहमीप्रमाणे मालकिणीच्या वडिलांचं नाव. बाई, वडील?"

"मार्कस हेरेनियस," ती म्हणाली.

"मार्कस हेरेनियस दिओकल्स." कारकुनानं लिहिलं, वाळू टाकली, फुंकली. "भाग्यवान आहेस बाबा. मोठ्या घराचं नाव मिळालं फुकटात."

"फुकटात नाही मिळालं," दिओकल्स म्हणाला. "आणि आज नाही मिळालं. जन्मलो तेव्हापासून माझंच आहे. तुम्ही लोकांनी आज लिहून घेतलंत."

कारकुनाला काही समजलं नाही. त्याला पुढचा माणूस घ्यायचा होता. "बरं बरं. मालकिणीचे आभार मान आणि सरक."

दिओकल्स वळला. आभार मानायला नाही. तो मंचाच्या पायऱ्या उतरून चौकाकडे चालू लागला.

"अरे ए! आभार मान म्हटलं ना! काय माजलेत एकेक—"

"गप बस!" हेरेनिया कारकुनावर इतक्या जोरात ओरडली की न्यायाधीशानंही मान वळवली. "त्यानं कशाला आभार मानायचे? माझा भाऊ आहे तो!"

सगळ्या चौकानं ऐकलं. तोही ऐकू जाईल इतकाच दूर होता.

तो थांबला नाही.